दुधाची पावती

सकाळचं पाणी भरून झालं की कमलिनी मागच्या पडवीत येऊन बसे आणि कान कुंपणाकडे लावी. चौलच्या त्या वाडीत आवाजांना तोटा नव्हता. शेजारच्या विहिरीवर रहाट कुरकुरत असे, माडाची एखादी झावळी धाडकन खाली येई, समुद्राची गाज तर अष्टौप्रहर चालूच. पण त्यातला एकही आवाज तिच्याशी बोलत नसे. तिच्याशी बोलणारा आवाज एकच होता, आणि तो कुंपणाच्या पलीकडूनच सुरू होई.

"साहेब उठलं का? का कचेरी अजून उघडली न्हाय?"

आधी बोलणं येई, मग कडेवरची रंगू, आणि मग केसर. साहेब म्हणजे कमलिनीचा चार महिन्यांचा अंतू. केसर रंगूला पडवीत सोडी, पाय धुई, भिंतीला टेकून बसे आणि हात पुढे करी. "आना." कमलिनी अंतूला तिच्या मांडीवर देई. पदराखाली चुकचुक सुरू झाली की मग कुठे कमलिनीला आपणही सकाळपासून काही खाल्लं नाही याची आठवण होई.

अंतू ज्येष्ठात झाला. कमलिनीला आई नव्हती, सासू नव्हती. मुंबईची मावशी बाळंतपण उरकून परत गेली आणि श्रावणात कमलिनी हिवतापाने अंथरुणाला खिळली. ताप गेला तो दूध घेऊन गेला. बकरीचं दूध दिलं तर पोराला हगवण लागली. एका सकाळी त्याची टाळू खोल गेलेली कमलिनीने पाहिली. कॉलेजात तिने शेलीच्या कविता आणि शाकुंतल वाचलं होतं. टाळू वर कशी आणायची हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. नवरा, यशवंतराव टिपणीस, लोकल बोर्डाच्या बांधकामांचा ओव्हरसियर, तो फिरतीवर. तेव्हा कुंपणाची काठी बाजूला सारून ही शेजारची बाई आत आली होती. कोण, कुठली, कशाला, काही नाही.

"रडून रडून पोराचा घसा बसलाय, वैनी. आना इकडं."

केसर आगऱ्यांची, कमलिनी प्रभूंची. एरवी ह्या गोष्टीवर गावात चार दिवस चर्चा झाली असती. पण टाळू वर आली, गालांवर मांस धरलं, आणि मग कुणी काही विचारलं नाही. विचारायला घरात होतं तरी कोण?

केसरचा नवरा हिरामण खाडीकाठी चुन्याची भट्टी लावी. खाडीतून काढलेले शिंपले भाजून पांढराशुभ्र चुना पाडायचा, असा त्यांचा पिढीजात धंदा. भट्टीवरची माणसं, सासू ठमाबाईचे टोमणे, रंगूचे दात, सगळं केसर अंतूला पाजता पाजता सांगे. कमलिनी ऐके. आपण दिवसभरात दुसऱ्या कुणाशी चार वाक्यं तरी बोललो का, असं तिने एकदा मनाशी आठवून पाहिलं होतं, आणि मग आठवणं सोडून दिलं होतं.

"ह्या भाऊबीजंला माझी रंगू ओवालनार ह्याला," केसर म्हणे. "दुधाचा भाऊ हाय तिचा. ओवालनी चांगली पायजे, सरकारी मानसा. कंजूषपना न्हाय चालायचा."

*

त्याच पावसाळ्यात मुंबईच्या कौन्सिलात पास झालेला नवा कायदा बोर्डाच्या कचेरीत येऊन पोचला. सरकारी कामासाठी माल घ्यायचा, मजूर लावायचे, गाड्या ठरवायच्या, तर ते आता ओळखीवर नाही. जाहीर नोटीस लावायची, लाखेने बंद केलेली टेंडरं मागवायची, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची, आणि माल पसंतीचा असेल तर ज्याचा भाव कमी त्याला काम द्यायचं.

कायदा का झाला हे यशवंतरावांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या आधीच्या ओव्हरसियरने एका गावात शाळा बांधवली होती. चुना पुरवणारा त्याच्या मेव्हण्याचा मित्र. चुन्यात निम्मी समुद्राची वाळू. पहिल्याच पावसाळ्यात भिंत बसली. रविवार होता म्हणून पोरं वाचली.

"मराठी करून लावायला हवं हे," यशवंतराव म्हणाले होते. "इंग्रजीत कोण वाचणार? आणि बोर्डाचा कारकून भाषांतर करील ते त्याचं त्यालाही समजायचं नाही."

ते काम कमलिनीने आपण होऊन घेतलं. अंतूला मांडीवर आडवा घेऊन, पाय हलवत हलवत तिने एकेक कलम मराठीत उतरवलं. फार दिवसांनी तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. एका कलमावर ती विशेष खूष होती. बोर्डाच्या नोकराने, किंवा त्याच्या घरातल्या कुणीही, टेंडर भरणाऱ्याकडून अगर त्याच्या घरच्यांकडून कोणतीही वस्तू, सेवा वा मेहेरबानी फुकट घेऊ नये. घेतल्यास ते टेंडर रद्द होईल व नोकराची चौकशी होईल. रास्त मोल देऊन पावती घेतली असल्यास हरकत नाही. पूर्वीचा काही संबंध असल्यास तो टेंडरं उघडण्याआधी सर्वांसमक्ष सांगावा. किती स्वच्छ, असं तिला वाटलं होतं. त्या आधीच्या ओव्हरसियरच्या घरी नारळाचे ढीग, तांदळाची पोती उतरत असत म्हणे.

तिने ते केसरलाही वाचून दाखवलं. केसरला गंमत वाटली.

"म्हंजे डोलं झाकून भाव सांगायचा, आन मंग समद्यांनी एकदम उघडायचं? पोरांचा खेलच की!"

"खेळ नाही ग. आता हिरामणलाही भरता येईल टेंडर. ओळख नको, शेटजी नको."

केसर सावरून बसली. "खरं सांगता? आजवर आमचा चुना बाबाजी शेटनं उचलायचा आन त्याच्या नावानं सरकारात घालायचा. आमचं नाव कुटं न्हाय."

"आता घालता येईल तुमचं."

"सांगते घरी," केसर म्हणाली, आणि त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर उठली.

*

दसरा झाल्यावर नव्या शाळेच्या चुन्याची नोटीस लागली. आणि एका दुपारी जेवताना यशवंतरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"आज तीन पाकिटं आली. भाव आत असतो, पण नाव वर असतं. एक हिरामणचं आहे."

"भरलंन ना त्याने! मीच सांगितलं होतं केसरला."

"कमल, केसर आपल्याकडे येते."

"येते की." एवढं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचं स्वतःचं वाक्य, तिच्याच अक्षरात, कचेरीच्या भिंतीवर लटकत होतं. घरातल्या कुणीही. त्या घरात तीनच माणसं होती आणि त्यातला सर्वात लहान रोज सेवा फुकट घेत होता.

"दूध म्हणजे काही नारळाची गोणी नव्हे," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे. बाबाजी शेटलाही ठाऊक असेल. त्याचंही पाकीट आहे त्या तिघांत. तो उभा राहून म्हणेल, ओव्हरसियरचं पोर हिरामणच्या घरावर पोसतंय. मग हिरामणचं टेंडर रद्द. माझी चौकशी, ते राहू दे. पण त्या माणसाला पहिल्यांदा संधी मिळतेय, ती आपल्यामुळे जाईल." ते वाईट बोलत नव्हते. तेच वाईट होतं. "टेंडरं उघडेपर्यंत तिला येऊ नको म्हण."

"आणि अंतूने काय करायचं?"

"गाईचं दूध बघू."

गाईचं दूध पाणी घालून, उकळून, गाळून, बोंडल्याने पाजून बघितलं. अंतूने पहिला घोट जिभेने बाहेर ढकलला, दुसरा गिळला आणि सगळं कमलिनीच्या अंगावर ओकला. संध्याकाळी पुन्हा तेच. ती रात्रभर त्याच्या टाळूवर बोट ठेवून बसली. पहाटे तिला सुचलं, आणि सुचलं तेव्हा तिला हसूच आलं. कलमात वाट होतीच की. रास्त मोल देऊन पावती घेतली असल्यास हरकत नाही. केसरला पगार द्यायचा. मुंबईत मोठ्या घरांतून दायांना देतात तसा. कुणाचं उपकाराचं ओझं नाही, कुणाला बोलायला जागा नाही.

यशवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शाबास. हे नियमाला धरून आहे. मागच्या महिन्यांचंही देऊन टाक."

त्यांनी स्वतः पावती लिहून दिली. अक्षर सुंदर होतं.

*

केसर आली ती बोलतच आली. बाबाजी शेट काल भट्टीवर येऊन कसा गोड बोलला, ठमाबाईने त्याला पाणीसुद्धा कसं विचारलं नाही. कमलिनीने सगळं ऐकून घेतलं. मग रुमालात बांधलेले पैसे पुढे ठेवले, कागद ठेवला, आणि त्याच्या शेजारी शाईची दौत. अंगठ्याला लागेल म्हणून.

"ह्ये काय?"

कमलिनीने समजावून सांगितलं. कायदा, घरातली माणसं, फुकट सेवा, रास्त मोल. बोलता बोलता तिला आपलाच आवाज कॉलेजात निबंध वाचून दाखवताना होई तसा ऐकू आला. तरी ती थांबली नाही. थांबली असती तर केसरच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

"म्हंजे ही पाजल्याची पावती," केसर शेवटी म्हणाली.

"तुमच्यासाठीच ग. तुमचं टेंडर रद्द होऊ नये म्हणून."

"व्हय, ते कललं मला. मी आडानी हाय, येडी न्हाय." तिने पावतीला हात लावला नाही, रुमालाला लावला नाही. "वैनी, एक इचारू? मंग रंगूचा भाऊ कोन राह्यला? का तिनं गिऱ्हाईकाला ओवालायचं?"

कमलिनीने दौत उगीचच जरा मागे सरकवली.

"सांगा की. शिकल्या हाव तुम्ही. त्या तुमच्या कागदात भावाची पावती कशी लिवतात?"

"केसर, माझा तसा हेतू नव्हता..."

"न्हवता. म्हाईत हाय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. तिने हात पुढे केले, रोजच्यासारखे, पण "आना" म्हणाली नाही. अंतू भुकेलेला होता. तो तिच्याकडे झेपावला. केसरने त्याला पोटभर पाजलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पाठ थोपटून ढेकर काढला. सगळं नेहमीचं. फक्त त्या वेळात पडवीत कुणी बोललं नाही. रंगू दौतीशी खेळायला गेली तेव्हा केसरने तिला उचलून कडेवर घेतलं.

"आजचं, पोर भुकेलं व्हतं म्हनून," ती म्हणाली. "त्ये कुटं लिवायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कुंपणापलीकडे तिचं बोलणं ऐकू येई, पण ते दुसऱ्या कुणाशी तरी असे.

दिवाळी आली. कमलिनीने भाऊबीजेला सकाळीच अंतूला न्हाऊ घातलं, टोपडं घातलं, पाट मांडला. पाट कशाला मांडला हे यशवंतरावांनी विचारलं नाही. ती दुपारपर्यंत तिथेच घोटाळत राहिली. मग तिने पाट उचलून भिंतीला लावला.

*

दिवाळीनंतर टेंडरं उघडली. यशवंतराव घरी आले ते कोट न काढताच सांगू लागले.

"हिरामणचा भाव सर्वांत कमी. नमुनाही उत्तम. काम त्याला मिळालं."

कमलिनी अंतूला बोंडल्याने दूध पाजत होती. आता पोर निम्मं गिळे, निम्मं ओकी. तिच्या हातातलं बोंडलं थांबलं. "खरंच?" कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. "म्हणजे आता झालं सगळं. आता काही अडचण नाही."

"आणि बाबाजीला तोंड उघडायला मी जागाच ठेवली नाही. पाकिटं फोडायच्या आधी मीच उठून सगळ्यांसमोर सांगून टाकलं."

"काय सांगितलंत?"

"जे आहे ते. की टेंडर भरेपर्यंत माझ्या मुलाला हिरामणच्या बायकोने अंगावर पाजलं आहे. त्यानंतर एकदाच. मोल देऊ केलं होतं, तिने घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, मोल देऊ केलं, तिनेच नाकारलं, तेव्हा ठीक आहे, नोंद करा."

"सगळ्यांसमोर?"

"कायदाच आहे तसा. तूच नाही का लिहिलंस, संबंध असेल तर उघड सांगावा?"

"हिरामण होता तिथे?"

"होता ना. मागे उभा होता." यशवंतराव कोट काढताना थांबले. काहीतरी त्यांनाही आठवलं असावं. "कुणीतरी हसलं मागे. बाबाजीच असेल. हिरामण खाली बघत होता. पण काम मिळालं ना त्याला, कमल."

*

तिने फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी अंतूला शालीत गुंडाळलं आणि ती खाडीकाठच्या वाटेला लागली. भट्टीवर ती कधीच गेली नव्हती. इतके महिने यायचं काम केसरचं होतं, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

भट्टी पेटलेली होती. शिंपल्यांचे ढीग, कोळसा, चार-पाच माणसं टोपल्या वाहताहेत. पलीकडे बाबाजी शेटची रिकामी बैलगाडी उगीचच थांबल्यासारखी उभी. ठमाबाईने ओसरीवरून तिला पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाली, "केसर, ओरसीरीन आली." पाणी विचारलं नाही.

केसर पदराला हात पुसत बाहेर आली. तिला पाहून अंतूने एकदम गळा काढला. असं तो घरी रडत नसे. हा हक्काचा सूर होता, उशीर झाल्याबद्दलचा. केसर जागच्या जागी थांबली. कमलिनीने पाहिलं, तिच्या चोळीवर दोन्हीकडे ओल उमटली आणि पसरत गेली. केसरने पदर घट्ट ओढून घेतला. टोपल्या वाहणारी माणसं थांबली होती.

"केसर, टेंडर उघडलं. काम तुम्हालाच मिळालं. आता कुणी काही म्हणणार नाही."

"म्हनून झालं त्यांचं," केसर हळू म्हणाली. "भर कचेरीत माझ्या दुधाची गोष्ट झाली, वैनी. शेट म्हनला, हिरामनचा चुना पांढरा का, तर बायकोचं दूध मिसलतो. त्याच्यावर हसली मानसं. आमचे ह्ये जेवले न्हाईत राती."

"ह्यांना तसं वाटलं नव्हतं..."

"त्यांनी खरंच सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर भांडाया तरी आलं असतं." तिने अंतूला घेतलं नाही, पण जवळ येऊन त्याचं मनगट बोटांत धरून पाहिलं, गालावरून हात फिरवला. अंतूने तिचा अंगठा तोंडात घेतला. तिने तो सोडवून घेतला. "उतरलंय पोर. गाईचं नगा देऊ त्याला."

"मग काय देऊ?" कमलिनीला रडू कोसळलं. "तू सांग ना. मला काही कळत नाही इथे. तू ये ना, केसर. कुणाला न सांगता ये."

केसरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर माफी मागणं सोपं गेलं असतं; वाटेभर कमलिनी त्या रागाचीच तयारी करत आली होती.

"ह्ये म्हनले, पहिल्यांदा आपल्या नावानं काम हाय. शाला उभी राहीस्तवर त्या दारात तुझं पाऊल दिसायचं न्हाय. कुनी म्हनायला नको की बायकोच्या अंगावर ठेका आनला. ते बराबर बोलले. आनि चोरून मी कशाला येऊ? मी चोरी केली का?" ती थांबली. मग दुसऱ्याच आवाजात, भराभर, जसं पडवीत बोले तसं बोलू लागली. "नाचनी भिजवा. मोड आना. सावलीत सुकवा, दला, आन वस्त्रगाल करा. पातल शिजवायची, गुठली न्हाय होऊ द्यायची. वर इवलं तूप. खाईल तो. पाच महिन्याचा झाला की आता."

"केसर—"

"जावा आता, वैनी. धूर हाय इथं. पोराच्या डोल्यात जाईल."

*

नाचणीला मोड यायला वेळ लागला. सुकवायला, दळायला, पातळ धोतराच्या तुकड्यातून गाळायला आणखी. कमलिनीने पहिली वाटी शिजवली तेव्हा यशवंतराव बांधकामावरून आले. मांडीवर अंतू, हातात चमचा, अशी ती स्वयंपाकघरात बसली होती. तेही जवळ येऊन उंबऱ्यावर बसले.

अंतूने पहिला चमचा तोंडात घोळवला. त्याने गिळला. ओकला नाही. मग हात आपटून आणखी मागितला.

"खाल्लंन की!" यशवंतराव आनंदाने म्हणाले. मग जरा थांबून, "चुना फार चांगला आहे त्याचा. पाण्यात विरवला की लोण्यासारखा होतो. असा माल मी अजून पाहिला नव्हता. ती भिंत काही हलायची नाही."

"हो," कमलिनी म्हणाली. ती चमच्यावर फुंकर घालत होती. "शाळा कधी होईल पुरी?"

"मृगाच्या आत व्हायला हवी."

तेव्हा अंतूला वर्ष होईल. भात खाईल, चालायला लागेल, उंबरे ओलांडील. पाजायची गरज उरलेली नसेल. केसरने येऊन मग हात कशासाठी पुढे करायचे?

"लवकरच होईल," यशवंतराव म्हणाले. त्यांना वाटलं, ती वाट बघते आहे.

"हो. लवकरच," ती म्हणाली, आणि वाटीच्या कडेचं सत्त्व निपटून तिने शेवटचा चमचा भरला. अंतूने तोंड उघडलेलंच होतं.